खोल समुद्रातल्या कार्बनचा हिशेब

समुद्राच्या पृष्ठभागावरचे प्लवक मेले की त्यांचे अवशेष खाली बुडतात. वाटेत जिवाणू ते खातात. कार्बन पुन्हा पाण्यात विरघळतो, ऑक्सिजन खर्ची पडतो. साधारण १३८ ऑक्सिजन रेणूंमागे १०६ कार्बन अणू मोकळे होतात. पाण्याला पृष्ठभाग सोडून किती काळ झाला, हे कार्बन-१४ वरून कळते. ऑक्सिजनच्या खर्चाला या काळाने भागले की अवशेष कुजण्याचा वेग मिळतो.

अरबी समुद्रात मात्र सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपतो आणि जिवाणू त्याऐवजी नायट्रेट वापरतात. म्हणून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी तिथली नायट्रेटची तूट मोजली. समुद्र कार्बन किती काळ सांभाळेल, हे समजण्यासाठी असे हिशेब अत्यावश्यक आहेत.