कुलूप निघालं परदेशी!

दोस्तांनो, 'च'ची भाषा तुम्हांला येतेच ना? 'चरीकै चऊखा' म्हटलं की ताईला बरोब्बर कळतं, कैरी खायची आहे! पण पंचाईत अशी, की आईनंही लहानपणी हीच भाषा वापरलेली असते. एकदा युक्ती कळली की गुपित फुटलंच म्हणून समजा.

मग पक्कं गुपित कसं राखायचं? जरा घरच्या कुलपाकडे बघा. कुलूप कसं चालतं हे दुकानदाराला ठाऊक असतं, चोरालाही ठाऊक असतं. तरी किल्लीवाचून ते उघडत नाही. कॉम्प्युटरवरच्या कूटलेखनाचंही तसंच, बरं का! एका भल्यामोठ्या संख्येच्या मदतीनं मजकुराची अशी सरमिसळ करतात की वाचणाऱ्याला नुसता गोंधळ दिसावा. ती संख्या म्हणजे किल्ली. रीत साऱ्या जगाला कळली तरी बिघडत नाही, किल्ली तेवढी जपायची.

अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये असंच एक कुलूप तयार केलं. नाव 'प्रिटी गुड प्रायव्हसी', म्हणजेच पीजीपी. सामान्य माणसाची पत्रं दुसऱ्या कुणी चोरून वाचू नयेत, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी हा प्रोग्रॅम चक्क फुकट वाटला! त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिखित संहिताही सगळ्यांसाठी खुली ठेवली. बघता बघता पीजीपी कॉम्प्युटरच्या जाळ्यातून देशोदेशी पोहोचला.

आणि इथंच घोटाळा झाला! अमेरिकेच्या कायद्यात पक्कं कूटलेखन तेव्हा 'युद्धसाहित्य' मानलं जाई. तोफा, रणगाडे आणि हे गणित, सगळं एकाच यादीत! परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा. सरकारचंही म्हणणं होतं, की शत्रूनं आणि गुन्हेगारांनी हेच कुलूप वापरलं तर आम्ही त्यांचे बेत ओळखायचे कसे? १९९३ मध्ये झिमरमन यांची चौकशी सुरू झाली. तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन त्यांनी जवळजवळ तीन वर्षं काढली. अखेर जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच सरकारनं चौकशी थांबवली.

मग परदेशी लोकांना काय मिळायचं? बहुतेक वेळा ४० बिटांची छोटी किल्ली. तिच्या शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी! ऐकायला खूप वाटतं, नाही? पण जानेवारी १९९७ मध्ये इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्यानं सुमारे २५० कॉम्प्युटर कामाला लावून अशी किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली! एकेक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ३९ आकडी संख्या लागते!

आता खरी गंमत ऐका. कॉम्प्युटरवरचा कोड बाहेर पाठवायला बंदी होती, पण छापलेल्या पुस्तकाला नव्हती. मग काय! १९९७ मध्ये पीजीपीच्या नव्या आवृत्तीचा कोड जाडजूड पुस्तकांत छापला आणि ती पुस्तकं राजरोस युरोपात पाठवली. तिथल्या स्वयंसेवकांनी पानामागून पान स्कॅन केलं, चुका दुरुस्त केल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. कुलूप पुस्तकात बसून समुद्रापार गेलं!

त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी जर्मनीत एका भाषणात आवाहन केलं, 'आम्हांला अमेरिकेत बसून हे करता येत नाही, तुम्ही करा!' श्रोत्यांमधल्या वेर्नर कॉख यांनी ते मनावर घेतलं. १९९९ मध्ये त्यांच्या 'ग्नू प्रायव्हसी गार्ड'ची पहिली पक्की आवृत्ती आली. तीही फुकट आणि खुली. खुल्या कोडचा फायदा असा, की जगातला कुणीही जाणकार तो तपासू शकतो, चूक दाखवू शकतो. चोरदरवाजा लपवणं अवघड होतं.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेनं निर्यातीचे नियम बरेच सैल केले. आज आई-बाबा फोनवरून पैसे पाठवतात, तेव्हा असंच पक्कं कुलूप त्यांच्या मदतीला असतं.

चला, आता तुम्हीही एक कुलूप उघडा! रीत सांगतो: प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिहायचं. 'क'ऐवजी 'ख', 'च'ऐवजी 'छ'. किल्ली आहे १, कारण आपण एकच घर पुढे सरकलो. तर मग सांगा पाहू, 'यघल' हा कोणता प्राणी?

ओळखलात? आता मित्राशी ठरवून किल्ली बदला. ३ करा, नाहीतर ७! रीत खुशाल सगळ्या वर्गाला सांगा. किल्ली मात्र कुणालाही सांगू नका हं!