तलावातील हिरवाई आणि उद्याचे इंधन

भोपाळच्या तात्या टोपे नगरातील जवाहर चौकातून दिवसभर वाहने धावत असतात. त्यांच्या टाकीतील पेट्रोल ही मुळात शैवालाचीच देणगी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातील सूक्ष्म शैवालांनी सूर्यप्रकाश साठवला आणि तळाशी गाडल्या गेलेल्या त्यांच्या अवशेषांचे उष्णता व दाबामुळे खनिज तेल झाले. याच शहरातील मोठा आणि छोटा तलाव २००२ पासून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत आहेत. त्यांच्या पाण्यातही शैवाल आहेच. मग निसर्गाचे तेच काम काही दिवसांत घडवता येईल का?

तत्त्व सोपे आहे. शैवालाची पेशी प्रकाश शोषते, पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडते आणि कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवते. नायट्रोजनची टंचाई झाली की काही जाती तेल साठवू लागतात. मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून या तेलाचे बायोडिझेल करता येते. त्यासाठी सुपीक जमीन लागत नाही. काही जाती खाऱ्या पाण्यातही वाढतात. गोव्यासारख्या किनारी राज्याला म्हणूनच हा विषय परका नाही.

मुंबईच्या पवई तलावातून आयआयटीच्या संशोधकांनी वेगळे केलेले एक नील-हरित शैवाल २०१८ मध्ये प्रकाशात आले. अनुकूल तापमानात ते अवघ्या २.३ तासांत दुप्पट होते. अशा पेशींत जनुकीय बदल करून थेट इंधनद्रव्ये मिळवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत.

अडचण आहे ती हिशेबाची. उघड्या तळ्यातील एक लिटर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम सुके शैवाल मिळते. त्यात २० टक्के तेल धरले, तरी एक किलो तेलासाठी सुमारे १० हजार लिटर पाणी गाळावे लागते. पंप चालवणे आणि शैवाल सुकवणे यांतच बरीच ऊर्जा खर्ची पडते. २००९ मध्ये या क्षेत्रात मोठ्या घोषणेसह उतरलेल्या एक्झॉनमोबिलने २०२३ मध्ये माघार घेतली, त्यातून हे आव्हान किती कठीण आहे ते दिसते.

तेव्हा सांडपाण्याने हिरवा पडलेला तलाव म्हणजे फुकटचे इंधन नव्हे. ते शैवाल मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे गुदमरतात. मात्र हेच सांडपाणी तलावात जाण्यापूर्वी शैवालाच्या कुंडांतून नेले, तर त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शैवाल शोषून घेते. पाणी शुद्ध होते आणि उरलेल्या शैवालापासून बायोगॅस मिळू शकतो. इंधनाचा खर्च तूर्त परवडत नसला, तरी स्वच्छ पाण्याचे मोल त्यात धरले की हिशेब बदलतो.