शंभर वर्षांतला एक दिवस

नागपूरच्या मधोमध उभी असलेली सीताबर्डीची टेकडी लाव्हाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या दख्खनच्या लाव्हाचा पूर्वेकडचा काठ याच परिसरातून जातो. भंडाऱ्याच्या वाटेला लागलं की काळा पाषाण संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक दिसू लागतात. हा काठ बारकाईने वाचणाऱ्यांत अग्रणी होता स्टीफन हिस्लॉप, १८४५ साली नागपुरात आलेला स्कॉटिश मिशनरी. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. टाकळीच्या परिसरात दोन लाव्हाथरांच्या मध्ये दबलेले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म त्याने गोळा केले, आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत १८५५ साली नागपूरच्या भूगर्भावर निबंध प्रसिद्ध केला. दोन थरांच्या मध्ये तळी होती, झाडं होती. म्हणजे एका उद्रेकानंतर दुसरा येईपर्यंत इथे मोठी शांतता नांदली होती. ज्वालामुखीचा अंदाज बांधणारे आजही आधी हेच विचारतात: दोन उद्रेकांमधली शांतता किती लांब असते?

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप फुगलेल्या ओढ्यात वाहून गेला. शहराखालचा लाव्हा केव्हाच थंडावला होता. या भूगर्भशास्त्रज्ञाचा जीव घेतला तो एका पावसाळी प्रवाहाने. नागपूरच्या संकटांचा हिशोब मांडायचा तर तो असाच ओढे, नाले आणि उन्हापासून सुरू करावा लागतो.

हा हिशोब ठेवण्याचं काम सोनेगाव विमानतळाच्या परिसरातल्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे आहे. लोक त्याला सरळ ‘वेधशाळा’ म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या देशातल्या सहा प्रादेशिक केंद्रांपैकी हे एक. विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही याच्या कक्षेत येतात. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस लिहायचा. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतले तापमापक ठरलेल्या वेळी वाचायचे. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन थेट आत येत नाही. हायड्रोजनचा फुगा वर सोडायचा आणि त्याला टांगलेल्या यंत्राकडून वरच्या हवेचं तापमान, आर्द्रता, वारा टिपायचा. सोबत डॉपलर रडार आहे, उपग्रहांची चित्रं आहेत. पण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंदींची सलग रांग. रडार विकत घेता येतं. गेल्या शतकातल्या एखाद्या जुलैचा पाऊस कुणी तेव्हा लिहून ठेवला नसेल, तर तो आज कुठल्याही किमतीला मिळत नाही.

आकडा लिहिण्याइतकंच तो पारखणंही महत्त्वाचं. मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं आणि बातमी देशभर झाली. नागपूरचा तोवरचा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. एखादा उच्चांक मोडतो तेव्हा तो बहुधा थोड्या फरकाने मोडतो. आठ अंशांनी मोडला तर आधी यंत्राकडे पाहायचं. शेजारच्या केंद्रांवर पारा कितीतरी खाली होता. संवेदक बिघडल्याचं हवामान विभागाने स्पष्ट केलं. असा एक खोटा आकडा नोंदीत राहिला, तर पुढच्या सगळ्या अंदाजांत तो विष कालवतो, कारण दुर्मीळ घटनांचं गणित टोकाच्या मोजक्या आकड्यांवरच उभं असतं.

या गणिताचा एक धागा कापसाशी जुळतो, हे नागपूरकरांना आवडावं. १८७७ साली जमशेदजी टाटांनी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. सूत कुठे तुटतं? सरासरी जाडीच्या ठिकाणी नव्हे, सर्वांत कमकुवत जागी. इंग्लंडमधल्या कापूस-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एल. एच. सी. टिपेट यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी आणि आर. ए. फिशर यांनी १९२८ साली दाखवून दिलं की मोठ्या समूहातले सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठे आकडेच वेगळे काढत गेलं, तर त्यांची वाटणी मोजक्या ठरावीक साच्यांत बसते. पुढे एमिल गुंबेल यांनी ते नद्यांच्या पुरांना लावलं. गुंबेल हे हायडेलबर्गचे प्राध्यापक. जर्मनीतल्या राजकीय खुनांची आकडेवारी त्यांनी उघडपणे मांडली होती. १९३२ साली त्यांची नोकरी गेली, आणि पुढे देशही सुटला. आज कुठल्याही जलशास्त्राच्या वर्गात त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुराचा धडा पुढे सरकत नाही.

रीत सोपी आहे. दर वर्षीचा सर्वांत जास्त पावसाचा एकच दिवस घ्यायचा. शंभर वर्षांचे शंभर आकडे होतात. ते चढत्या क्रमाने मांडायचे, गुंबेलच्या वक्रावर बसवायचे आणि वक्र पुढे वाढवून विचारायचं, एखाद्या वर्षी ओलांडला जाण्याची शक्यता फक्त १ टक्का आहे, असा पाऊस किती? नागपूरच्या नोंदीत जुलै १९९४ मधला एका दिवसाचा ३०४ मिलिमीटर पाऊस आहे. असा एकच आकडा वक्राचं शेपूट वर उचलतो. म्हणून शंभर वर्षांच्या नोंदीवरून काढलेल्या शंभर वर्षांच्या अंदाजात चूकभूल मोठी असते, आणि ती आकड्याच्या शेजारी लिहायला हवी.

महाराष्ट्रात हे गणित जमिनीवर उतरतं ते पूररेषांच्या रूपात. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. इथेच सामान्य माणसाची मोठी फसगत होते. शंभर वर्षांतला पूर एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षं निर्धास्त, असं लोक धरून चालतात. खरं म्हणजे शक्यता दर वर्षी तेवढीच, १ टक्का. वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेवर घर बांधणाऱ्याच्या अंगणात कर्ज फिटेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवर ती ५६ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून अधिक. विक्रीखतावर सही करण्याआधी हा आकडा किती जणांना कुणी सांगतं?

नागपूर जिल्ह्याला पुराची किंमत ठाऊक आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव पहाटे धुऊन नेलं. २०४ माणसं गेली. पण तो मोठ्या नदीचा पूर होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात जे घडलं त्याची जात वेगळी होती. चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदी काठाबाहेर आली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटपासून मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी भरलं. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातली मुलं बाहेर काढावी लागली. हजारो घरांत चिखल शिरला.

आता हाच पाऊस हवामान विभागाच्या पट्टीवर ठेवून पाहू. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘मुसळधार’. त्यावर ‘अति मुसळधार’, आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. शंभर मिलिमीटर या पट्टीवर सर्वांत खालच्या इशाऱ्याच्या खणात बसतात. विदर्भाच्या पावसाळ्यात तो काही अघटित आकडा नव्हे. घात केला तो चार तासांनी. नाग नदीचं शहरातलं पाणलोट क्षेत्र लहान, त्यावर डांबर आणि काँक्रीट, त्यामुळे पाणी काही मिनिटांत नाल्यात आणि तास-दोन तासांत नदीत येतं. साडेआठला मोजलेला दिवसभराचा पाऊस शेतकऱ्याला उपयोगी; धरणालाही बऱ्याच अंशी चालतो. शहरी नदीसाठी पंधरा मिनिटांचा आणि तासाचा पाऊस हवा, आणि त्याचीच वेगळी शंभर वर्षांची रेषा हवी. माझ्या मते नागपूरच्या पूर-गणितातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. शिवाय पाऊस तोच राहिला तरी पूर तोच राहत नाही. सांडव्यासमोर, नदीच्या पात्रात, नाल्यावर काही बांधलं की जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा त्या दिवशीच खोटी ठरते. पूरग्रस्त नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, तेही पाण्याच्या वाटेतल्या बांधकामांचा प्रश्न घेऊनच.

पावसाच्या नोंदी निदान भरपूर असतात; ज्वालामुखीचा अंदाज बांधणाऱ्यांची अडचण याच्या नेमकी उलटी. त्यांच्याकडे नोंदीच तुटपुंज्या. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर तो दीडशेहून अधिक वर्षं गप्प होता. १९९१ साली जागा झाला आणि त्यानंतर १९९४-९५, २००५, २०१७ असा पुन्हा पुन्हा धुमसत राहिला. इथे सरासरी काढून हाती काही लागत नाही. फिलिपिन्समधला पिनाटुबो तर सुमारे पाचशे वर्षं शांत होता, कुणाच्या आठवणीत त्याचा उद्रेक नव्हता. १९९१ च्या वसंतात तो हलू लागला तेव्हा शास्त्रज्ञांनी भूकंपांची संख्या, सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण आणि जुन्या राखेचे थर एकत्र वाचले, १ ते ५ असे इशाऱ्याचे टप्पे ठरवले आणि प्रत्येक टप्प्याला कोणी काय करायचं ते आधीच लिहून ठेवलं. १५ जूनला विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा उद्रेक झाला. त्याआधी हजारो माणसं हलवली गेली होती.

पिनाटुबोला जे जमलं त्याच्या जवळ नागपूर उन्हाच्या बाबतीत पोचलं आहे. मैदानी भागात पारा ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश वर गेला की उष्णतेची लाट. ४५ वर गेला तर सरासरी न पाहताच लाट, ४७ ला तीव्र लाट. पण हे आकडे हवेचे झाले, माणसांचे नव्हेत. मे २०१० मधल्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतर मोजणीतून उघड झालं. तिथे रोजचे मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी-शेजारी मांडून इशाऱ्याचे टप्पे ठरवले गेले आणि २०१३ साली उष्माघात-प्रतिबंधाचा आराखडा तयार झाला. नागपूर महानगरपालिकेनेही पुढे तशी वाट धरली. ऑरेंज अलर्ट आला की दवाखान्यात खाटा राखून ठेवायच्या, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या वेळा बदलायच्या. कुठल्या आकड्याला कोणाने उठायचं, हे तिथे आधी ठरलेलं असतं.

नाग नदीसाठी असा तक्ता हवा आहे. अंबाझरीची पातळी अमुक झाली आणि तासाचा पाऊस तमुक ओलांडला, तर रात्री दोन वाजताही डागा ले-आउटमधल्या तळमजल्यावर भोंगा कोण वाजवणार, त्याचं नाव आणि पद त्यात असावं. २०२३ च्या त्या रात्रीचे तासागणिक आकडे धरून लाल रेषा नव्याने आखावी आणि ती महानगरपालिकेच्या नकाशावर, घर घेणाऱ्याला दिसेल अशी छापावी.