एका पोळीचा हिशेब

गेल्या दिवाळीत भाचीनं फराळाचं ताट बाजूला सारलं. "मावशी, मला दिवसाला वीसच ग्रॅम कर्बोदकं चालतात." मी ओट्यावरचा वजनकाटा काढला. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीतच जवळजवळ तेवढी कर्बोदकं निघाली. म्हणजे एक पोळी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला. भाचीला पीसीओएस आहे. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात. मी डॉक्टर नाही. बँकेतली नोकरी सोडल्यावर वाचायला लागलेली बाई. पण त्या पोळीनं मला वर्षभर कामाला लावलं.

१९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत मांडली, तेव्हापासून हा विकार बीजांडकोशाचा मानला गेला. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे खरं तर अर्धवट वाढून थांबलेली बीजपुटकं. ती का थांबतात, याचा एक मोठा धागा १९८०मध्ये हाती आला : या स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकं जितकी जास्त, तितकं इन्सुलिनही जास्त. स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. बीजांडकोश मात्र दाद देत राहतो आणि जास्त पुरुषी संप्रेरकं बनवतो. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन घटतं. सगळ्याच रुग्णांत हे सारखं नसतं. पण अनेकींत असतं.

इथं पुण्याचा संबंध येतो. भाची सडपातळ आहे. 'वजन कमी करा' हा सल्ला तिला हास्यास्पद वाटायचा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून असते. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या देहातही इन्सुलिनची कुरकुर असू शकते, ती अशी.

मग कर्बोदकंच तोडली तर? कीटो आहार मुळात १९२१ सालचा, अमेरिकेत अपस्मारासाठी सुचवलेला. कर्बोदकं फार कमी मिळाली की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदूही त्यावर चालतो. इन्सुलिन उतरतं. आपल्याकडे डॉ. जिचकारांचा आणि पुढे डॉ. दीक्षितांनी घराघरांत नेलेला 'दोनदाच जेवा' हा विचारही इन्सुलिनभोवतीच फिरतो. पण त्यात भाकरीला बंदी नाही, कीटोत आहे.

पीसीओएससाठी कीटोचं नाव निघालं की २००५चा एक अमेरिकी अभ्यास हमखास पुढे येतो. चोवीस आठवडे, दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत कर्बोदकं. वजन सरासरी १२ टक्के घटलं, उपाशीपोटीचं इन्सुलिन ५४ टक्के, मुक्त टेस्टोस्टेरॉन २२ टक्के. दोघींना दिवस गेले. आकडे वाचून मीही हरखले. मग पुन्हा वाचलं. सुरुवातीला स्त्रिया होत्या अकरा, सगळ्या जास्त वजनाच्या. शेवटपर्यंत टिकल्या पाच. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे फरक किती कीटोचा आणि किती नुसत्या वजन घटण्याचा, हे त्यातून सांगता येत नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर स्पष्टच म्हटलं आहे, की पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो निभावता येईल आणि पोषण देईल तो आहार घ्यावा, व्यायाम करावा.

भाचीनं कीटो चार महिने केला. पाळी दोनदा वेळेवर आली. पण शाकाहारी घरात रोज पनीर, खोबरं, लोणी. बद्धकोष्ठता झाली, तपासणीत एलडीएल वाढलेलं निघालं. गौरी-गणपतीत तिनं एक उकडीचा मोदक खाल्ला आणि रात्री रडली. "माझ्यात जिद्दच नाही, मावशी." मी तिला त्या अभ्यासातल्या अर्धवट सोडून गेलेल्या सहाजणी दाखवल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखालीही निम्म्याहून अधिक गळतात, तर दोष कुणाचा?

ज्यांना करायचाच आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बंद पडलेलं बीजांड सुटणं अचानक सुरू होऊ शकतं. मूल नको असेल तर पाळीच्या अनियमिततेवर विसंबू नये, आणि गर्भारपणात हा आहार करू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांशिवाय सुरुवातही नको.

भारतीयांच्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असं आयसीएमआरचा अलीकडचा देशव्यापी अभ्यास सांगतो. बासष्ट आणि पाच यांच्या मध्ये बरीच जागा आहे. भाची आता तिथं आहे : पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, रात्री एक ज्वारीची भाकरी, वाटीभर जास्त उसळ, आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते. यंदा फराळाच्या ताटातली एक चकली तिनं उचलली. काटा मी आतच ठेवला होता.