जुना माल आपल्यालाच का?

२००७ सालच्या दिवाळीत बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मी व्हिडिओ गेमच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर काळेभोर, चकचकीत प्लेस्टेशन ३ होते आणि खालच्या फळीवर जाड वहीएवढे प्लेस्टेशन २. वरच्याची किंमत ऐकून मी खालचे बांधून घेतले. रस्ताभर मुलगा गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, जुना माल आपल्यालाच का?"

"परवडत नाही," एवढेच मी तुटकपणे सांगितले. बँकेत कर्ज नाकारलेल्या माणसालाही मी अर्धा तास बसवून कारणे समजावत असे. मुलाच्या वाट्याला दोन शब्द आले.

खरे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत होते. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आले, तर प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये. नवे आले की जुने बंद, असे आपल्याला वाटते. पण सोनीने जुने यंत्र त्यानंतरही सुमारे सहा वर्षे बनवले. उत्पादन थांबेपर्यंत १५ कोटी ५० लाखांहून अधिक यंत्रे खपली होती.

असे का? नवे यंत्र अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला निघाले, तरीही सुरुवातीला प्रत्येक नगामागे कंपनीला तोटाच होत होता. जुन्याच्या संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झाला होता. आतल्या दोन मुख्य चिप एकत्र करून एकच केली गेली, आकार आटला, भाग स्वस्त झाले. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेले यंत्र २००६ साली १२९ डॉलरला मिळू लागले. कारखानदाराच्या भाषेत सांगायचे, तर घसारा पुरता वजा झालेला, पण रोज माल काढणारा तो साचा होता. असा साचा कोण भंगारात घालील?

शिवाय खरी कमाई यंत्रात नसते. दुसऱ्या कंपनीने केलेला गेम विकला गेला, की त्यातला वाटा यंत्रवाल्याला मिळतो. स्वस्त यंत्र नव्या घरात शिरले, की त्या घरात पुढे गेमही येत राहतात.

आणि अशी घरे पुष्कळ असतात. ब्राझीलमध्ये आयात कर भारी. तिथे टेकटॉय या कंपनीने १९८९ पासून सेगाचे मास्टर सिस्टिम स्थानिक पातळीवर बनवून विकले, आणि बाकीच्या जगाने ते विसरल्यावरही त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. आपल्याकडे २००९ साली हनुमानावरचा गेम निघाला, तोही प्लेस्टेशन २ साठी. मध्यमवर्गीय घरात टीव्हीखाली तेच होते ना!

यात कंपनीचे उपकार नाहीत. हिशेब जमेना, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलेच. पण तोवर तो शिळा माल नव्हता. फुटबॉलचा फिफा १४ हा गेम २०१३ साली त्या यंत्रासाठीही निघाला होता.

आमच्या घरात त्यावर क्रिकेट ०७ वर्षानुवर्षे चालले. वाड्यातली निम्मी पोरे आमच्याकडे असत आणि बायको पोह्यांची कढई उतरवून पुन्हा चढवी. मुलाने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तो विसरला, असे मी सोयीने धरून चाललो.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ते यंत्र सापडले. मुलाला फोन केला आणि वरचा सगळा हिशेब सांगितला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, तेव्हा एवढंच सांगितलं असतंत, तर मी रुसलोच नसतो."