‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’

करारपत्र हातात आलं की आपली नजर आधी रकमेवर जाते, मग तारखेवर आणि शेवटी सहीच्या जागेवर. सुरुवातीच्या पानांवरच्या ‘व्याख्या’ सहसा कोणी वाचत नाही. अमेरिकेत नोकरी करून तिथेच निवृत्त होणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हातारपणाचं औषधपाणी कधी कधी याच पानांवरच्या दोन-चार शब्दांवर ठरतं.

आधी तिथला कायदा पाहू. १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘सोशल सिक्युरिटी ॲक्ट’वर सही केली. हा संघराज्य सरकारचा, म्हणजे साऱ्या देशाला लागू असलेला कायदा. त्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची सोय होती, आरोग्यविम्याची नव्हती. १९६५ मध्ये, अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात, त्याला अठरावं आणि एकोणिसावं प्रकरण जोडलं गेलं. अठराव्यातून आली मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी ‘मेडिकेअर’, एकोणिसाव्यातून गरिबांसाठी ‘मेडिकेड’. कायद्याचं नाव तेच राहिलं, आतला मजकूर मात्र कितीतरी वाढला. मग करारात नुसतं कायद्याचं नाव लिहिलं, तर तो कोणत्या सालचा धरायचा?

वकील याचं उत्तर व्याख्येतच देऊन ठेवतात. नमुना साधारण असा असतो : ‘मेडिकेअर म्हणजे सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या अठराव्या प्रकरणाखालील योजना, त्यात वेळोवेळी होणाऱ्या सुधारणा, त्याखालील नियम आणि त्याच्या जागी येणारा कायदा यांसह.’ वाक्य रुक्ष आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे.

समजा, एका कंपनीने २००० साली निवृत्त कामगारांना लिहून दिलं, ‘मेडिकेअर देत नाही तो वैद्यकीय खर्च आम्ही देऊ.’ त्या काळी दुकानातून आणायच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मेडिकेअर सहसा देत नसे. तो बोजा कंपनीवर आला. २००३ मध्ये कायदा सुधारला आणि १ जानेवारी २००६ पासून, हप्ता भरणाऱ्यांना, औषधांसाठीही मेडिकेअरचा विमा मिळू लागला. व्याख्येत ‘सुधारणांसह’ असेल तर कंपनी म्हणू शकते, ‘आधी तो विमा घ्या, उरलेलं आम्ही देऊ.’ ‘आजच्या तारखेला आहे तसा’ असं लिहिलेलं असेल, तर कामगार जुन्या वचनावर बोट ठेवू शकतो. तेव्हा ‘सुधारणांसह’ हे शब्द नेहमी दुबळ्या बाजूच्याच फायद्याचे असतात, असं समजू नये. सरकारने सवलत वाढवली किंवा कमी केली, तर कराराचा अर्थही तिच्यामागे जातो.

‘त्याच्या जागी येणारा कायदा’ या शब्दांचंही असंच. १९७७ चा ‘फूड स्टॅम्प ॲक्ट’ २००८ मध्ये ‘फूड अँड न्यूट्रिशन ॲक्ट’ झाला. तिथे बारसं नव्याने झालं, एवढंच. पण १९९६ मध्ये मुलं असलेल्या गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी जुनी योजनाच मोडली गेली आणि वेगळ्या अटींची नवी योजना आली. अशा वेळी करारात हे शब्द नसतील तर जुना उल्लेख कशाला लागू करायचा, यावर वाद घालायला जागा राहते.

आपल्याकडे अशा प्रसंगी १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’चं आठवं कलम मदतीला येतं. केंद्राचा कायदा रद्द होऊन तीच तरतूद नव्याने केली गेली, तर दस्तऐवजातला जुना उल्लेख नव्या तरतुदीचा समजावा, असं ते सांगतं. मात्र दस्तऐवजात वेगळा हेतू दिसला, तर तो हेतू चालतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्यामुळे जुन्या नेमणूकपत्रात तो उल्लेख नेमका कसा केला आहे, हे आपणही काढून पाहायला हरकत नाही.

करार इथला असो वा तिथला, सही करण्यापूर्वी एवढं विचारावं : कायदा कोणत्या तारखेचा धरला आहे, आणि उद्या तो बदलला तर वाढीव खर्च कोण सोसणार? उत्तर कागदावर नसेल, तर सहीआधीच ते लिहून मागावं.