जुन्या घड्याळाची डायल: मूळची की रंगवलेली?

जुन्या उंची घड्याळाचे मोल ठरवताना संग्राहक आधी डायल पाहतात. मशीन दुरुस्त होते, काच बदलता येते. डायल मात्र एकदा घासून नव्याने रंगवली की मूळची छपाई कायमची जाते. फेवर-ल्युबा ही स्विस कंपनी 1865 पासून मुंबईत घड्याळे विकत होती. तिची 'सी चीफ', 'सी किंग' ही मॉडेल्स आजही जुन्या बाजारात येतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या डायल पुन्हा रंगवलेल्या असतात. अशा भडक रंगांच्या घड्याळांना परदेशी संग्राहकांनी 'मुंबई स्पेशल' असे नावच दिले आहे.

पहिली खूण वयाची. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो. अशा उष्णतेत, धुळीत साठ वर्षे वापरलेल्या घड्याळाच्या डायलवर पिवळटपणा, बारीक ठिपके किंवा लाखेच्या थराला तडे दिसणे स्वाभाविक आहे. केस झिजलेली, काटे काळवंडलेले आणि डायल तेवढी कोरी असेल, तर शंका घ्यावी.

दुसरी खूण छपाईची. घड्याळजींच्या भिंगातून मूळ अक्षरांच्या कडा रेखीव आणि शाईचा थर सारखा दिसतो. रंगवलेल्या डायलवर शाई पसरते, अक्षरांमधले अंतर कमीजास्त होते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. बसवलेल्या धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचलेला दिसला, तर डायल नंतर रंगवली असण्याचा संभव मोठा.

तिसरी खूण अंधारात चमकणाऱ्या लेपाची. 1960च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. पुढे अनेक कंपन्या 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' छापू लागल्या. ट्रिटियमची शक्ती दर बारा वर्षांनी सुमारे निम्मी होते, त्यामुळे त्या काळचा लेप आज अंधारात जवळजवळ मंदच असतो. तो रात्रभर लखलखत असेल, तर नंतर भरलेला समजावा. रेडियमची चमक विझली तरी किरणोत्सर्ग टिकून असतो. म्हणून असा लेप कधीही खरवडू नये.

शेवटची तपासणी अनुभवी घड्याळजीकडून करून घ्यावी. डायल उतरवल्यावर मागचे पाय शाबूत आहेत की ती गोंदाने चिकटवली आहे, हे कळते. कंपनीनेच दुरुस्तीत बदललेली डायल अस्सल असते, पण त्या घड्याळाच्या काळातली नसते. विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणतीही एक खूण निर्णायक नसते. त्याच मॉडेलच्या जुन्या जाहिरातीतल्या चित्राशी सर्व खुणा ताडून पाहिल्या, तरच निष्कर्ष भरवशाचा ठरतो.